कडुनिंबावरची रास्ना

तीर्थपुरीच्या बसस्टँडमागे टिनपत्र्याचं एक दुकान आहे. बाहेर जळालेल्या मोटारी कलेवरांसारख्या ओळीने पडलेल्या असतात. आत सिराजोद्दीन एक मोटार मांडीवर घेऊन तिच्यात नव्या तारेचे वेढे भरत बसलेला असतो. विहिरीची मोटार असो, बोअरची असो की पिठाच्या गिरणीची, पंचक्रोशीत जळालेली प्रत्येक मोटार शेवटी त्याच्या मांडीवर येते. बोटं इतकी सवयीची झाली आहेत की वेढे भरताना तो रस्त्याकडे बघत गप्पा मारतो. वेढ्याला वेढा असा चिकटून बसतो की मधून वारा जाणार नाही.

आमची ओळख रंगमंचावरची. म्हणजे मी वर आणि तो खाली. जत्रांच्या हंगामात आमची नाटक कंपनी अंबड, घनसावंगी, परतूर अशी फिरायची, आणि तीर्थपुरीच्या मुक्कामात लाईट आणि माईक सिराजकडे असायचे. तेव्हा तो विशीतला होता. खलनायक आला की दिव्यापुढे हिरवा कागद धरायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटच्या अंकात मी गतप्राण व्हायचो, ते जरा सावकाश व्हायचो. एकदा प्रयोग संपल्यावर तो म्हणाला, "मास्तर, मरायला तुम्ही फार टाइम घेऊन राह्यले. माझा जनरेटर गरम होतो." असा मोकळा टीकाकार मला पुन्हा भेटला नाही. पुढे कंपनी मोडली आणि मी इथेच राहिलो. का राहिलो ते सांगत बसलो तर सिराजचं राहून जाईल.

त्याची बायको कमरुन्निसा अंबडच्या एका कल्हईवाल्याची मुलगी. मोठी हजरजबाबी बाई. मी दारात दिसलो की म्हणायची, "या मास्तरभाई, राजे लोक चहा पितात का दूधच?" काही वर्षांपूर्वी काचबिंदूने तिची नजर गेली. आधी कडेकडेने, मग मधलीही. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळतो. पण चहा तिचा तीच करते, आणि कपाला बोट लावून किती भरला ते ओळखते.

नजर गेल्यापासून तिचं वर्ष एका फुलावर बेतलेलं होतं. त्याला वैद्य रास्ना म्हणतात. आमच्याकडच्या रानात ती कधीकाळी पुष्कळ होती. जुन्या आंब्यांवर, बाभळींवर ती बसलेली असायची. बसलेलीच म्हणायची, कारण ती मातीला शिवत नाही. चामड्याच्या पट्ट्यांसारखी जाड पानं दोन बाजूंना ओळीने आणि दोरखंडासारखी पांढरट मुळं झाडाच्या सालीला कव घालून. चैत्र-वैशाखात तिला दांडा फुटतो आणि पिवळट-तपकिरी, चौकटी चौकटीची फुलं येतात. मधली पाकळी जांभळी. लांबून पाहिलं तर कुणी मान वळवणार नाही, पण जवळ गेलं की वास असा, की माणूस बोलायचं विसरतो. तिच्या मुळांनी सांधे मोकळे होतात असं म्हणतात, म्हणून लोकांनी ती झाडंच्या झाडं ओरबाडून नेली. राहिली ती गावाबाहेर अंगदच्या बांधावरच्या आंब्यावर. तिथे वरच्या फांदीला आग्यामोहोळ लटकलेलं असायचं, त्यामुळे त्या झाडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

सिराज मात्र दर उन्हाळ्यात बांबूला विळा बांधून एक दांडा काढायचा, ओल्या टॉवेलात गुंडाळून सायकलवर घरी आणायचा आणि कमरुन्निसाच्या उशाशी ग्लासात ठेवायचा. ती वास घ्यायची आणि म्हणायची, "चला, अजून एक उन्हाळा पदरात पडला." दोन वर्षांपूर्वी मी तिथे बसलो असताना ती हे म्हणाली, आणि मग ग्लास चाचपून बाजूला सारत हसत पुढे म्हणाली, "ज्या साली हे येणार न्हाई, त्या साली माझंबी काही खरं न्हाई बरं का."

मी हसलो. सिराज हसला नाही. पुढे जे घडलं त्यात तो जे जे काही करत गेला, ते या एका वाक्यासाठी.

गेल्या वर्षी फुलं येऊन गेली आणि आठवड्याभरात मोहोळ उठलं. एका सकाळी फांदी रिकामी. तिच्यावर मोहोळाचा काळा डाग तेवढा राहिला होता. आंब्याचा शेंडा तर आधीपासूनच वाळत होता. अंगद हा पस्तिशीतला, मेहनती आणि तसा चांगला माणूस. मोहोळ गेल्यावर तो पहिल्यांदा झाडाखाली निवांत उभा राहिला, वर पाहिलं, निदान करून टाकलं आणि झाड तोडायचं ठरवलं. बांडगुळानं झाड खाल्लं.

सिराज दुकान बंद करून त्याच्याकडे गेला, सोबत मला घेऊन. त्याने बराच वेळ समजावलं. बांडगूळ झाडाच्या आत मुळी घालतं आणि रस पितं. रास्ना फक्त सालीला धरून बसते, हवेतला दमटपणा, पावसाचं पाणी, सालीवरचा कचरा यावर जगते. झाड मरतंय ते बुंध्यातल्या किडीनं. बुंध्याशी पडलेला लाकडाचा भुसा त्याने मुठीत घेऊन दाखवला. अंगदने ऐकून घेतलं.

"चाचा, भाडं न देता वर ऱ्हाणाऱ्याला आमच्याकडं बांडगूळच म्हणतेत," तो म्हणाला. "झाड तर जाणारच. तुमचा येवढा जीव असंल तर तुमचा भाडेकरू तुम्ही घेऊन जा."

हे बोलणं न्याय्य होतं. पण आमच्याकडे फळतं झाड तोडायची एक रीत आहे. आदल्या संध्याकाळी लाकूडतोड्या झाडाला हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो, कुऱ्हाडीची मागची बाजू खोडाला टेकवून तिथे राहणाऱ्या जिवांना उठायला सांगतो, आणि कुऱ्हाड रात्रभर खोडाला उभी टेकवून ठेवतो. सकाळी ती उभी असली तर झाडानं परवानगी दिली. आडवी पडलेली असली तर त्या सालात झाडाला हात लावायचा नाही. गावचा लाकूडतोड्या रखमाजी म्हातारा हे सगळं अगदी मनापासून करतो. आम्ही तिथे होतो. त्याने कुऱ्हाड टेकवली आणि देवळात बोलावं तसं हळू म्हणाला, "हितं जे कोणी राहून राह्यलं असंल, त्यानं उद्याच्या आत उठावं. आमचा नाइलाज हाये." मग सिराजकडे वळून म्हणाला, "तुमचंबी घेऊन जा, भाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सिराज शिडी, ओली पोती आणि बांबूच्या चपट्या काड्या घेऊन गेला. मी शिडी धरायला. अंगद आमच्या आधी आलेला होता. आणि कुऱ्हाड जमिनीवर आडवी पडलेली होती.

तिघांनीही ती पाहिली. अंगद वाकला, कुऱ्हाड उचलून पुन्हा खोडाला उभी केली आणि म्हणाला, "कुत्र्यानं पाडली असंल." थोडं थांबून, सिराजकडे न बघता, त्याने जोडलं, "रखमाजीला सांगू नका, चाचा. उगा खोळंबा."

सिराजने ओठ उघडले आणि मिटले. रीत दुसऱ्यांची, झाड दुसऱ्याचं. त्यात आपण कोण बोलणार, असं त्याने मला नंतर सांगितलं. रखमाजी आला, उभ्या कुऱ्हाडीला हात जोडले आणि धार लावायला बसला. तेवढ्या वेळात सिराजने वर चढून रास्ना उतरवली. फार निगुतीने उतरवली. मुळं ओढली नाहीत, बांबूची काडी सालीखाली सरकवत एकेक मूळ सोडवलं. जिथे सुटेना तिथे सालीचा तुकडाच सोबत घेतला. सगळी बेटं ओल्या पोत्यात गुंडाळून हातगाड्यावर ठेवली. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा मागे पहिला घाव पडला. सिराजने हातगाडा थांबवला नाही.

त्याच्या अंगणात एक जुना कडुनिंब आहे. खरबरीत साल, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली. रास्नेला याहून चांगली जागा कोणती? बांधायचे दिवसही बरोबर होते, मृग तोंडावर आलेला. हे सगळं त्याला ठाऊक होतं, कारण फार पूर्वी त्याने एक तुकडा कुंडीत, शेणखतात, गुलाबासारखा लावून पाहिला होता आणि तो बघता बघता सडून गेला होता. तेव्हापासून तो शिकला होता की हिला माती नको, खत नको. टेकायला साल हवी आणि मुळांना वारा हवा. पाणी घालावं, पण दोन पाण्यांच्या मधे मुळं कोरडी होऊ द्यावीत. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. आणि मुळं सालीला स्वतःहून चिकटेपर्यंत रोप हलता कामा नये, वाऱ्यानेसुद्धा, नाहीतर नवं मूळ घासून मोडतं.

हलता कामा नये, हे त्याने मनावर घेतलं. सुतळी पावसात कुजते. काथ्या सैल पडतो. लोखंड गंजतं. मग सिराजोद्दीनने ते केलं, जे मोटारी बांधणाऱ्या माणसानेच केलं असतं. जळालेल्या मोटारींतून निघालेली, वरचं वार्निश जळून उघडी पडलेली तांब्याची तार घेतली आणि एकेक बेट कडुनिंबाला बांधलं. वेढ्याला वेढा लावून. कुठे सैल नाही, कुठे पीळ नाही. मावळतीच्या उन्हात खोडावर ते लालसर वेढे असे झळकले, की जणू कुणी सम्राज्ञीला बाजूबंद घातले आहेत. बघायला गल्ली जमली. मीही तोंडभरून वाहवा केली. कमरुन्निसाला हाताला धरून त्याने झाडाशी नेलं, पण ती पानांनाच हात लावून म्हणाली, "बराबर बसली?"

"बिलकुल बराबर. तुफान आलं तरी हलत न्हाई."

पाऊस चांगला झाला. दुसऱ्या कुणाची रास्ना असती तर आषाढात तिला नवी मुळं फुटली असती. मूळ फुटलं की त्याचं टोक हिरवं आणि बुळबुळीत असतं, जणू ओल्या बोटाचं नख. सिराज रोज सकाळी ते शोधायचा. ते आलं नाही. श्रावणात खालची पानं पिवळी पडली. मग वरच्या पानांवर उभ्या सुरकुत्या आल्या. एवढ्या पावसात, पाण्यात उभी राहून ती तहानेने वाळत होती. सिराजने पाणी कमी केलं, मग वाढवलं, वर हिरवी जाळी लावली, मग काढली. एकेक बेट सालीवरून असं सुटत होतं, की धरून ठेवलं होतं ते फक्त तारेनं.

गल्लीने निकाल दिला होता. अंगदला कुऱ्हाडीची गोष्ट पोटात ठेवता आली नव्हती. ती रखमाजीपर्यंत गेली आणि रखमाजीने तोडीचं काम सोडून दिलं. झाडाचा शाप आहे, तोडलेलं झाड रास्नेला सोबत नेतंय, असं लोक बोलू लागले. सिराजच्या दुकानात येणाऱ्या बायाही कमरुन्निसाची विचारपूस जरा जास्तच करू लागल्या. सिराज या गोष्टी मानणाऱ्यातला नव्हता. पण एका दुपारी मोटार मांडीवर तशीच ठेवून तो मला म्हणाला, "मास्तर, मी त्या दिवशी एक शब्द बोलायला पाहिजे व्हता. एकच." मला तयार वाक्यं म्हणायची सवय, आणि ते वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

कमरुन्निसाला यातलं काही सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. ती विचारायची, सिराज "मजेत हाये" म्हणायचा. पण दसऱ्याच्या सुमारास एक दिवस तो तालुक्याला गेलेला असताना मी तिथे पोचलो, तर ती एकटीच कडुनिंबाला हात लावून उभी होती. बोटं सावकाश फिरत होती. तारेजवळचं एक मूळ तिने चिमटीत धरलं, ते पोकळ, कागदासारखं दबलं. बोट पुढे सरकवलं, तारेपासून दूर गेलं. तिथे तेच मूळ जरा भरीव होतं. पुन्हा मागे आली. पुन्हा पोकळ. दुसऱ्या बेटावर तसंच. तिसऱ्यावर तसंच.

"मास्तरभाई, ही तार कशाची हाये?"

मी सांगितलं.

तारेखालून सालीवर उतरलेला एक ओघळ होता. पावसाने झालेला, मोरपिशी हिरवा. तिला तो दिसत नव्हता. मीच सांगितलं की खाली हिरवट डाग उतरलेत. तेव्हा तिने झाडावरचा हात मागे घेतला.

"शाप न्हाई, काही न्हाई," ती म्हणाली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं तर. "माझ्या अब्बांनी जिंदगीभर गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई लावली. का लावली? तांबं उघडं पडलं की ते हिरवं चढतं, आणि त्यातलं खाणाऱ्याला ते आतून खातं. अंबडचं लहान पोर बी हे जाणतं. आणि ह्यांनी नंगं तांबं तिच्या मुळांना गुंडाळलं. पावसाळाभर तिला जहर पाजून राह्यले."

सिराज परत आला तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. तिने त्याला एवढंच सांगितलं, कुणालाही दोष न देता, अगदी हळू. त्याने ऐकलं आणि पक्कड आणली. जितक्या निगुतीने वेढे घातले होते तितक्याच निगुतीने एकेक वेढा सोडवला. तार सुटली तशी काही बेटं नुसती हातात आली. काळी, हलकी. उरलेल्यांची मेलेली मुळं कापून त्याने ती दोन दिवस सावलीत सुकवली, स्वच्छ पाण्याने धुतली आणि पुन्हा बांधली. या वेळी सुती कापडाच्या पट्ट्यांनी. पट्ट्या माझ्या ट्रंकेतल्या एका राजाच्या शेल्याच्या होत्या. त्या राजाला आता तसाही कुणी मुजरा करत नव्हता. कुजेल तेव्हा कुजेल, तोवर मूळ धरलं तर धरलं.

हिवाळ्यात एकेक बेट गेलं. संक्रांतीपर्यंत एकच उरलं, तेही दोन पानांचं. आणि त्याच हिवाळ्यात कमरुन्निसाचं जेवण कमी झालं. दुखणं असं काही नव्हतं. जालन्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, वय झालं म्हणाले. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर झाली. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या.

चैत्र आला. सिराज रोज पहाटे कडुनिंबाशी उभा राहायचा. दोन पानांच्या मधून दांडा निघणार नाही हे त्यालाही कळत होतं. तरी उभा राहायचा. वैशाख लागला तेव्हा तो मला घेऊन बसने अंबडकडे निघाला. कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे एका खेड्यातल्या कब्रस्तानात जुन्या आंब्यावर रास्ना आहे. होती. भर उन्हात फुललेली होती. सिराजने टॉवेल ओला केला, दांडा कापला आणि परतीच्या बसमध्ये मूल धरावं तसा मांडीवर धरून बसला. वाटेत एकदाच बोलला. म्हणाला, "वास तर तोच असतो ना, मास्तर?" मी हो म्हणालो.

ग्लास तिच्या उशाशी ठेवला. ती उठून बसली. ग्लास दोन्ही हातांत धरून तिने वास घेतला, बराच वेळ. मग ग्लास खाली ठेवला.

"कुठून आणलं?"

सिराजने ओला टॉवेल पिळायला घेतला.

"आपलं न्हाई आलं तर."

"न्हाई आलं," सिराज म्हणाला.

"जित्तं हाये?"

"एक हाये. दोन पानं."

मला वाटलं, आता ही भिंतीकडे तोंड करून आडवी होणार. पण तिने पाय खाली सोडले आणि म्हणाली, "मला तिच्याकडं घेऊन चला." आम्ही दोघांनी धरून नेलं. तिचं वजन राहिलेलं नव्हतं. सिराजने तिचं बोट त्या एका बेटाच्या एका मुळावर ठेवलं. शेल्याच्या पट्टीखालून ते निघालं होतं, सालीला चिकटून बोटभर उतरलं होतं. टोक ओलं होतं. तिने ते बोटाच्या पेरावर पुन्हा पुन्हा टेकवलं.

"फूल कधी यील?"

"दोन उन्हाळे तरी लागतील."

ती मनाशी काही ठरवत होती. "दोन," ती म्हणाली. "मंग मला थांबावं लागंल. जरा सुपारीयेवढा भात आणा."

त्या दिवसापासून तिची खाट कडुनिंबाखाली आहे. जालन्याच्या तापमानाचे आकडे रोज टीव्हीवर येतात, शेजारपाजारचे आत चला म्हणून विनवतात, पण ती हलत नाही. सिराज सकाळी दुकान उघडण्याआधी ओंजळीने पाणी शिंपडतो. आधी त्या मुळावर, मग तिच्या हातावर. ती भात खाते. कधी खाते, कधी खाल्लासा करते. दुकानात आता तांब्याची तार तो कुणाला उगाच हाताळू देत नाही.

काल दुपारी मी गेलो. पत्रे तापून कडकडत होते, कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. तिने हात वर केला, तेव्हा सिराजने तिचं बोट नेहमीच्या जागी नेलं. मी वाकून पाहिलं. मुळाचं हिरवं टोक मिटलं होतं. त्यावर कोरडी, पांढरी टोपी चढली होती. कडक उन्हाळ्यात रास्ना असं करते, मूळ मिटून घेते आणि झोपते. मेलेलं मूळही बाहेरून असंच दिसतं. कोणतं ते पाऊस पडेपर्यंत कुणाला सांगता येत नाही, आणि पाऊस अजून लांब होता.

तिचं बोट त्या कोरड्या टोकावर थांबलं.

"झोपलंय ना?" तिने विचारलं.

"झोपलंय," सिराज म्हणाला, आणि तिचा हात तिथून काढून स्वतःच्या हातात घेतला.